कडकभाऊंचा रविवार आणि धाकट्याचा पास्ता

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यांना सगळी गल्ली कडकभाऊ म्हणते. नाव पडलं ते इस्त्रीवरून. त्यांच्या हातून गेलेल्या शर्टाची कॉलर अशी उभी राहते, की आतला माणूस आपोआप मान ताठ करून चालतो. स्वतः भाऊ मात्र मऊ. गिऱ्हाईक दुकान बंद करताना आलं तरी कपाळाला आठी नाही, तुटलेलं बटण दिसलं तर न सांगता लावून देतील. फक्त रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी पाय ठेवायचा नाही.

सहा दिवस ते राज्य बायकोचं. ती शाळेच्या ऑफिसात कारकून. सकाळी डबे भरून पळते, संध्याकाळी येऊन पुन्हा ओट्यापुढे. रविवार भाऊंचा. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि अठरा वर्षं दर रविवारी ते कोंबडीचा रस्सा करत आलेत. नुसता कांदा चिरायला पाऊण तास, कारण तो घडी घातल्यासारखा एकसारखा पडला पाहिजे. दीड-दोनला ताटं मांडली जातात आणि बायको "छान झालाय" म्हणेपर्यंत हा गृहस्थ स्वतः घास उचलत नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायच्या आणि कौतुक म्हणून मिळायचं ते एवढंच. ते त्यांना शनिवारपर्यंत पुरवावं लागायचं.

अशात धाकटा भाऊ राहायला आला. लिफ्ट दुरुस्त करतो, एकटा जीव. त्याच्या खोलीचं छत गळायला लागलं म्हणून "दोन महिने, दादा, फार तर." बाहेरच्या खोलीत त्याची गादी भाऊंनीच घातली, स्वतःच्या हातानं. पुढं हे ते फार वेळा आठवत बसले.

दुसऱ्याच रविवारी एका हॉटेलच्या टेबलक्लॉथची तातडीची ऑर्डर आली आणि दुकान उघडावं लागलं. बारा वाजता परतले तर जिन्यातच लोण्यात परतलेल्या लसणाचा वास. आत धाकटा गॅसपुढे, खांद्यावर फडकं टाकून शीळ घालतोय. भाऊंच्या जागेवर, भाऊंचंच फडकं.

"वहिनी म्हणाल्या भूक लागलीय, म्हटलं पटकन पास्ता टाकू. वीस मिनिटं, दादा. एकच पॅन."

पांढरट, गुळगुळीत, चमच्यावरून सावकाश ओघळणारं ते प्रकरण भाऊंनीही खाल्लं. चांगलं होतं, आणि तेच तर दुखणं. वाईट असतं तर त्यांनी मोठ्या मनानं तारीफ केली असती. बारा वर्षांच्या लेकीनं पॅन बोटानं पुसून चाटला. आणि बायको? ती चक्क डोळे मिटून म्हणाली, "भावोजी, ही कला कुठं लपवून ठेवली होती इतके दिवस?"

भाऊंना ठसका लागला. त्यांच्या रश्श्यासाठी आजवर कुणी डोळे मिटले नव्हते.

"पुढच्या रविवारीही होऊन जाऊ द्या," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "तुम्ही जरा आराम करा हो."

आराम. आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना सांगतात तो.

आठवडाभर भाऊ आतल्या आत जळत राहिले. इस्त्री अशी दाबून मारायचे, की एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" "मला काय धाड भरलीय," भाऊ म्हणाले. धाकट्याचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. त्यानं लेकीची सायकल दुरुस्त केली, ते खुपलं. वहिनीला ऑफिसातल्या गमती विचारल्या, ते तर फारच खुपलं. "याला काय जातंय," ते वॉशिंग मशीनपाशी पुटपुटायचे, "ना बायको ना पोर. दुसऱ्याच्या घरात येऊन हिरो व्हायला सोपं असतं."

शुक्रवारी दुपारी त्यांनी तीन गल्ल्या पलीकडून पास्त्याचं पाकीट आणलं, शर्टाच्या आत, पोट सुटल्यासारखं धरून. पाहणाऱ्यांनी पाहिलं. खिडक्या काही फक्त हवेसाठी नसतात.

घरात कुणी नव्हतं. भाऊंनी पास्ता तीन पाण्यांत धुतला, मोठ्या पातेल्यात उकडला, गढूळ पाणी सिंकमध्ये ओतलं आणि पुन्हा नळाखाली चोळला. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. मग दूध, लोणी, चीज वेगळं तापवून वर ओतलं. पास्ता एकीकडे, सॉस दुसरीकडे. भांडलेल्या जावांसारखे एकमेकांना शिवेनात. पुरावा नष्ट करायला सगळं एकट्यानं संपवावं लागलं. संध्याकाळी जेवण नको म्हणाले, तर धाकट्यानं काळजीनं लिंबूपाणी करून आणलं. तेही झोंबलं.

रविवारी सुरीला धार लावायच्या निमित्तानं ते ओट्याशी रेंगाळले. धाकट्यानं लोण्यात लसूण परतला. पास्ता धुतला नाही, उकडला नाही, कोरडाच पॅनमध्ये टाकला. वर दूध आणि पाणी, जेमतेम बुडेल इतकं. मंद आचेवर ढवळत राहिला. पाणी ओतून द्यायचंच नाही. पास्त्याचा पांढुरका चीक त्यातच उतरतो आणि सॉस दाटतो. शेवटी चीज, मिरपूड, झालं.

भाऊ बघतच राहिले. हा तर स्टार्च. सव्वीस वर्षं बादल्या भरभरून कालवला तो. आता लिफ्टवाल्याकडून स्टार्च शिकायचा होय?

"पुढच्या रविवारी मी करतो," जेवताना ते जमेल तितकं सहज म्हणाले.

"रस्सा?" लेकीचा चेहरा किंचित उतरला.

"पास्ता."

बायको आणि धाकट्यानं एकमेकांकडे पाहिलं. भाऊंनी तेही टिपलं.

रविवारी अर्ध्या तासात पास्ता तयार झाला, अगदी धाकट्यासारखा. तिथं थांबले असते तर लाज राहिली असती. पण धाकट्यासारखा करून उपयोग काय, वरचढ नको? भाऊंनी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवलं आणि ओतलं, दुकानात कॉलरसाठी कालवतात त्याच मापानं.

ताटं मांडून होईपर्यंत पॅनमधला पास्ता बसला. असा बसला की लेकीनं चमचा खोचला तो उभाच राहिला.

"बाबा, इस्त्रीपण केलीस का याला?"

बायकोच्या नाकातून पाणी आलं. धाकटा मात्र हसला नाही. गुपचूप उठला, पॅन गॅसवर ठेवला, थोडंथोडं दूध घालत सगळं सैल केलं आणि सगळ्यांना वाढलं. "चव मात्र दादाचीच हं," म्हणाला. हसला असता तर भाऊंनी त्याला माफ केलं असतं.

जेवणं झाल्यावर भाऊ बायकोच्या मागोमाग आत गेले. "खरं सांग. माझ्या रश्श्यात काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग त्याच्या पास्त्यात काय जास्त आहे?"

तिनं पॅन विसळून पालथा घातला. "हे बघा, झालं माझं. तुमच्या रश्श्याच्या दिवशी मला इथून सुटायला साडेतीन वाजतात. पातेली, कढया, मिक्सरची भांडी, वर गॅसवर सांडलेलं सगळं. अठरा वर्षं."

"म्हणजे चवीचं काही नाही?"

"चवीला काय झालंय हो."

भाऊंच्या छातीवरचा दगड उतरला. वैर भावाशी नव्हतंच तर, भांड्यांशी होतं. "भांडी मी घासीन," ते म्हणाले. "रविवार माझा."

"घासाल?"

"गल्लीभरचे कपडे धुतो, चार भांडी जड आहेत मला?"

पुढच्या रविवारी रस्सा झाला. बायकोनं छान म्हटलं, लेकीनं मागून वाढून घेतलं, धाकट्यानं ताट पुसून खाल्लं. गेलेली गादी परत मिळाली. मग सगळे हात धुऊन बाहेर गेले आणि भाऊ बाह्या सरसावून सिंकपाशी उभे राहिले. कढईचा तळ सुटता सुटेना. बाहेर पत्त्यांचा डाव मांडला होता. धाकटा काहीतरी बोलला आणि बायको मोकळी हसली. रविवारी दुपारी तिचं असं हसणं भाऊंनी कधी ऐकलं नव्हतं.

घासणी थांबली. "काय झालं गं?"

"काही नाही, तुमचं चालू द्या," बाहेरून आवाज आला. "भावोजी, पान टाका."

भाऊंनी नळ बारीक केला आणि कान बाहेर लावून कढई हळूहळू घासायला लागले.