मास्तरांचा तपकिरी घोडा

मास्तरांकडे घोडा कधीच नव्हता, हे आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. कारण बटणांच्या तीन डब्यांत जपून ठेवलेली एकशे अठ्ठावीस पत्रे वाचणाऱ्याचा समज नेमका उलट होतो.

मास्तर म्हणजे शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, पत्नी आणि मुलगी. तिशीत त्यांनी टपालाने एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला घेतली. कारण विचारल्यास ते सांगत, की ही कुणाच्याच बापाची भाषा नाही, त्यामुळे चुकलो तरी हसायचा अधिकार कुणाला पोचत नाही. पत्नीचे म्हणणे, शेजाऱ्याशी धड बोलता येईना म्हणून ह्यांनी परदेशातला माणूस गाठला. दोन्ही विधाने परस्परविरोधी नाहीत.

भाषेच्या मासिकात पत्रमित्रांचे पत्ते येत. त्यांतून मास्तरांनी दोन सरहद्दींपलीकडचा, खोगिरे शिवणारा एक कारागीर निवडला. सुई दोघांच्याही हातात, एवढाच आधार. मात्र पहिले पत्र लिहायला बसले तेव्हा त्यांचे पाचच धडे झाले होते. त्या पाठ्यपुस्तकात 'घोडा' पाचव्या धड्यात येतो आणि 'शिंपी' अकराव्या. त्यामुळे पाचव्या धड्यातले नमुनापत्रच त्यांनी जसेच्या तसे उतरवले: माझ्याकडे एक तपकिरी घोडा आहे. तो शांत आहे. अकरावा धडा येईपर्यंत खोगीरवाल्यांनी घोड्याची दोनदा चौकशी केली होती, आणि खरे सांगून टाकण्याची वेळ टळून गेली होती.

पुढे एकतीस वर्षे घोडा पत्रांतून जगत राहिला. सहाव्या वर्षी मास्तरांनी त्याला आजारी पाडून पाहिले. उलट टपाली चार पानी उपचार आले आणि शेवटी एक ओळ: मला झोप लागत नाही. घोड्याला मुकाट बरे करावे लागले. या खोगीरभरतीच्या आडून खरा मजकूरही जात-येत राहिला. मुलीचा जन्म, आईचे जाणे, डोळ्यांवर आलेला पडदा. मास्तरांनी गल्लीत कुणापाशी जे काढले नाही, त्याची उत्तरे या डब्यांत आहेत.

आठव्या वर्षीची नोंद विशेष महत्त्वाची. खोगीरवाल्यांनी घोड्याची मापे मागवली. कोणती, ते लिहिले नाही. कारागीर कारागिराला एवढे समजावत बसत नाही. मास्तर टेप घेऊन आरशासमोर उभे राहिले, स्वतःची मापे घेतली आणि प्रत्येक आकडा दुप्पट करून कळवला. त्याची नक्कल दुकानाच्या मापवहीत आहे: छाती शहात्तर, कंबर अडुसष्ट, गळा तीस, बाही अठ्ठेचाळीस. खाली, हाताच्या सवयीने, शेरा, तोही पत्रात गेलेला: डावा खांदा किंचित उतरता. खोगीर काही आले नाही आणि मास्तरांनीही विषय काढला नाही.

एकतिसाव्या वर्षी पत्र आले. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे, तीन दिवस राहीन, घोड्याला पाहण्याची फार इच्छा आहे.

घोडामैदान जवळ आले. पत्नीने शांतपणे विचारले, "बांधायचा कुठे त्याला? शिलाई मशीनला?" मुलीने तोडगा सुचवला, की घोडा आदल्या दिवशीच गेला असे सांगावे.

"अगं, आजी गेली तेव्हा त्या माणसानं मला सहा पानं लिहिली," मास्तर म्हणाले. "त्याच्यापुढे खोटं रडू?"

"आणि खरं सांगितलंत तर?" पत्नीने विचारले.

"तर तो मिळेल त्या गाडीनं परत जाईल. मग मी लिहू कुणाला?"

तरी त्यांनी कबुलीचे एक वाक्य तयार केले. चार दिवस काजे करताना ते पुटपुटत होते. पत्नीला एस्पेरांतोचा एक शब्द येत नव्हता. पण तेवढे वाक्य तिला पाठ झाले, आणि मास्तर अडखळले की ती वरच्या खोलीतून ते पुरे करी.

छायाचित्रांची देवाणघेवाण कधी झालीच नव्हती, कारण मास्तरांचे घोड्याशिवाय काढायचे कसे, हा प्रश्न होता. म्हणून ओळख पटावी यासाठी दोघांनी छातीवर हिरवा तारा, म्हणजे त्या भाषेची खूण, लावायचा असे ठरले. मास्तरांनी तो उत्तम कापडाचा, दुहेरी शिवणीचा केला आणि निघताना टेबलावर विसरले.

हे ध्यानात आले पत्नीसोबत फलाटावर पोचल्यावर. गाडी तोवर लागली होती. एक उंच, पिंजारल्या भुवयांचा माणूस उतरला, लोकांच्या चेहऱ्यांऐवजी खांदे पाहत चालू लागला आणि सरळ मास्तरांपुढे येऊन थांबला. मास्तरांनी हात पुढे करण्याआधीच वाक्य सुरू केले. तिसऱ्या शब्दाला अडखळले. पत्नीने पुरे केले.

यापुढचे संभाषण मास्तरांच्या भाषांतराप्रमाणे दिले आहे. पत्नीने त्याला हरकत घेतलेली नाही.

"ठाऊक आहे, वहिनी," पाहुणे म्हणाले. "घोड्याला कंबर नसते. आणि बाही तर नसतेच नसते."

मास्तर म्हणाले, "मग तेवीस वर्षं विचारत काय होतात?"

"विचारलं नसतं, तर तुम्ही लाजून लिहायचं थांबवलं असतं. आमच्या गावात ही भाषा कळणारा मी एकटा. चूक दाखवून मित्र घालवण्याइतका मी शहाणा नाही."

मग त्यांनी पिशवीतून चामड्याचा कमरपट्टा काढला. अडुसष्टाचे निम्मे, चौतीस. आणि मधल्या वर्षांचा अंदाज बांधून पुढे सहा जादा भोके. मास्तरांना पाचवे बसले.

एकशे एकोणतिसावे पत्र पाहुणे परतल्यानंतर अठराव्या दिवशी आले. पहिलीच ओळ: घोडा कसा आहे? उत्तराची नक्कल मापवहीत, बाहीच्या आकड्याशेजारी आहे: शांत आहे. सहाव्या भोकावर गेला.