बसएवढी जागा

"धर गं बाय," म्हणत अंकल पिशवीतून कपडे वाळत घालायची निळी दोरी काढायचे, एक टोक माझ्या हातात कोंबायचे आणि दुसरं घेऊन चालू लागायचे. दोरी ताणली गेली की तिकडून हुकूम यायचा, "हलू नकोस." दोरी बरोबर त्यांच्या बसच्या लांबीची होती. मस्कतला वादी कबीरमध्ये आम्ही शेजारी राहायचो. तुम्हालाही असा शेजारी भेटला असेल, ज्याच्या उद्योगात आपली भरती न विचारताच झालेली असते.

अंकल मूळचे वसईचे, इथे गॅरेजमध्ये वेल्डिंग करायचे. एका शाळेनं मोडीत काढलेली लांबलचक बस त्यांनी घेतली आणि आत घर मांडलं. पलंग, शेगडी, छोटी मोरी, सगळं. मागच्या बाजूला संकटकाळी उघडायचं दार होतं, त्याच्या जागी भली मोठी काच बसवली. हा सगळा खटाटोप आंटींसाठी होता. पक्षाघातानं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. जीभ मात्र शाबूत होती, देवाची कृपा. उन्हाळ्यात दोघांना कायमचं वसईला परतायचं होतं, तेही मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्याआधी आंटींना एकदा समुद्रासमोर जागं व्हायचं होतं. उठवून बसवायचं नाही, पडल्या पडल्या दिसला पाहिजे, ही अट.

काच बसवून झाल्यावर लक्षात आलं, की आता बस समुद्राकडे उलटी न्यावी लागणार. मग काच बाजूला का नाही लावली, असं मी विचारलं. दार आयतं होतं ना, म्हणाले. आतून आंटी म्हणाल्या, "आयतं मिळालं की हे खूश."

तंबूवाल्यांना ओमानभर जागाच जागा. बसला नाही. कुठे वाळू भुसभुशीत, कुठे जागा आखूड, कुठे उतार असा, की आंटींना नुसतं आभाळ दिसणार. कुरुमच्या माझ्या ऑफिसातले लोक फोनवर नकाशे पाठवायचे. अंकल ते उडवून लावायचे. "शिरायचं कुठून ते कुणीपण सांगेल. वळायचं कुठं ते सांग."

आणि स्वतः काय केलं? सरावासाठी म्हणून आम्हाला रुस्ताकला नेलं आणि बस बाजाराच्या गल्लीत अडकवली. वळायला जागा नाही. सगळा बाजार मागे गोळा झाला आणि अरबी, हिंदी, मल्याळम, जमेल त्या भाषेत 'येऊ द्या' ओरडू लागला. आंटी मागच्या काचेतून चालत्या हातानं सगळ्यांना टाटा करत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, समुद्र राहू द्या आता, माणसं तर बघितली. अंकल त्या रात्री जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

जागा सापडली ती बातिनाच्या किनाऱ्यावर. तिथले कोळी पिकअपला दोर बांधून होड्या वर ओढतात, त्यामुळे वाळू दाबून दाबून घट्ट झालेली. पण तिथे होड्यांची रांग. अंकलनी लगेच काही मागितलं नाही. एका म्हाताऱ्या कोळ्याशेजारी बसले, त्याचा कहवा प्यायले, खजूर खाल्ले, मोडक्यातोडक्या अरबीत वसईच्या होड्या कशा असतात ते हातवारे करून सांगितलं. मग आंटींचं सांगितलं, आणि पिशवीतून दोरी काढली. दुसरं टोक म्हाताऱ्यानं आपणहून धरलं. दोरीच्या मापात येणाऱ्या होड्या त्यानं हलवायला लावल्या.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा अंकल बाहेरून काच पुसत होते. पुसतच होते. आतून आंटी ओरडल्या, "बाजूला व्हा हो, तुम्हीच दिसताय."

ते बाजूला झाले. आंटींनी मला जवळ बोलावून दाखवलं, ती बघ, यांनीपण वसईसारखी मासळी वाळत घातलीय. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि त्या पुसायला देत नव्हत्या.

निघताना अंकलनी दोरी म्हाताऱ्याच्या हाती दिली. एवढी जागा ठेव, पुढच्या थंडीत परत येतो, असं सांगितलं, तेही आंटींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हातारा म्हणाला, "इन्शाल्ला."

उन्हाळ्यात दोघं वसईला परतली. पावसाळ्यात तिथून अंकलचा फोन आला. "आंटी गेली गं बाय." आमच्या मजल्यावर तर आता त्या दोघांच्या कपड्यांची दोरीही नाही.

थंडीत मी त्या किनाऱ्यावर गेले. होड्या लागलेल्या होत्या आणि मधे बसएवढी जागा रिकामी होती. म्हाताऱ्यानं मला ओळखलं. रस्त्याकडे बघत विचारलं, बस कुठाय? मला अरबी येतं ते चार शब्दांचं. त्यातला खलास हा शब्द तिथे बरोबर बसला असता. तो तोंडाबाहेर येईना.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. तेवढ्यात एक होडी किनाऱ्याला लागत होती. ती पलीकडच्या टोकाला लावा, असं त्यानं हात करून पिकअपवाल्याला सांगितलं.