उडीच्या हार्नेसचं माप

पन्नाशीला टेकलेल्या बाईने काय करावं, याबद्दल रत्नागिरीत चांगल्या मतांचा तुटवडा नाही. भजनी मंडळ आहे, योगासनांचा वर्ग आहे, भाच्यांच्या लग्नांत पुढे पुढे करणं आहे. विमानातून उडी मारणं यात कुठे बसत नाही, हे मला मान्य आहे. पण एका सहलीत मी हौस म्हणून प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन पहिली उडी मारली, आणि खाली उतरल्यावर बरोबरच्या बायका देवाचे आभार मानत होत्या तेव्हा मी पुढचं विमान किती वाजता आहे ते विचारत होते. पुढे हरियाणातल्या एका धावपट्टीवर जाऊन रीतसर शिकले, एकटीने उडी मारायचा परवाना मिळवला. आंब्याचा सीझन संपला, आमची रस डबाबंद करायची शेड धुऊन झाली, की मी बॅग भरते.

"किती धोका तो!" असं मला लोक सांगतात. हे लोक रोज सकाळी हेल्मेट आरशाला अडकवून मोटारसायकलवरून हातखंब्यापर्यंत जातात आणि संध्याकाळी परत येतात. हायवेवरची ती माती, ते वळण, समोरून येणारा डंपर. मी त्यांच्यापुढे नम्र आहे. मला एवढं धाडस कधीच जमणार नाही.

तर, सगळं छान चाललं होतं. छान नव्हतं ते भाड्याचं सामान. ज्यांनी कधी उडी मारलेली नाही अशा शहाण्या वाचकांसाठी सांगते. पाठीवर असतो तो कंटेनर, म्हणजे दोन पॅराशूट घडी करून ठेवायची बंद थैली. एक पॅराशूट नेहमीचं, दुसरं राखीव, पहिलं रुसलं तर. ही थैली अंगाला धरून ठेवणारे खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांखालून जाणारे पट्टे म्हणजे हार्नेस. उजव्या बरगडीवर एक लाल मूठ असते. पॅराशूट बिघडलं तर ती ओढायची, म्हणजे ते सुटून जातं. मग डावीकडची चंदेरी मूठ ओढायची, म्हणजे राखीव उघडतं. बघायला वेळ नसतो. हात आपोआप जागेवर गेला पाहिजे, अंधारात स्वयंपाकघराच्या बटणावर जातो तसा.

भाड्याचा हार्नेस मात्र सहा फुटी जवानासाठी शिवलेला. त्यात मी म्हणजे शाल गुंडाळलेला नारळ. गेल्या खेपेला पॅराशूट उघडलं ते दोऱ्यांना पीळ घेऊनच. मी गरगर फिरत होते आणि सवयीने उजवा हात बरगडीवर मारला. तिथे मी होते, मूठ नव्हती. उघडताना बसलेल्या झटक्याने मी पट्ट्यांतून खाली सरकले होते आणि मूठ सरकून काखेजवळ जाऊन बसली होती. पाय झाडता झाडता पीळ आपोआप सुटला म्हणून हे लिहिते आहे. खाली उतरल्यावर माझ्या धिप्पाड प्रशिक्षकाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य उच्चारलं, "मॅडम, अपने नाप का हार्नेस लो, नहीं तो घर बैठो."

घरी बसायला माझी हरकत नव्हती. पण घरी माझे यजमान असतात.

यजमान जन्मभर जहाजांवर इंजिनियर होते. आता निवृत्त आहेत, आणि घरात बिघडण्यासारखं काही शिल्लक नसल्याने बेचैन असतात. हार्नेस घ्यायचा म्हटल्यावर त्यांना नवं जहाज मिळाल्यासारखं झालं. ओटीवर फोनमध्ये कंपनीचे फोटो बघत आमच्या संध्याकाळी जाऊ लागल्या. जहाजावर अशी कडी चालत नाही, जहाजावर असा पट्टा चालत नाही. "अहो, मला बंदराला बांधायचं नाहीये," मी म्हणायचे. मला एक छोटा, सडपातळ, पाठीला चिकटून बसणारा कंटेनर फार आवडला होता. तो घातलेली फोटोतली मुलगी माझ्या एका पायाएवढी होती. प्रशिक्षकाला फोटो पाठवला तर त्याने उलट विचारलं, वजन किती? आधी वजन, वजनावरून पॅराशूट केवढं लागेल ते, आणि ते ज्यात मावेल तो कंटेनर. मी उलटं करत होते, म्हणजे शालू घेऊन ठेवायचा आणि मग त्यावर शोभेल असा नवरा बघायचा. मुकाट्याने मोठा कंटेनर धरला. रंगावर मात्र घरातल्या तिघांचीही मतं पडली.

तिसरं मत सासूबाईंचं. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि माझ्या उड्यांविषयी त्यांचं धोरण सरकारी आहे: दखल घ्यायची नाही, पण नोंद ठेवायची.

"काळा नको गो," त्या आतून म्हणाल्या. "वर जाताना काळं घालून जायचं नाही."

"आई, वर नाही जात मी. खाली येते."

"तेच ते."

मोरपंखी ठरला.

राहिलं माप. हार्नेस बेतून मिळतो. आपण मापं पाठवायची, कंपनी शिवते. खांद्यापासून जांघेपर्यंतचं, छातीचं, कमरेचं, मांडीचं. सूचना स्पष्ट होती: टेप अंगाबरोबर धरा, सैल सोडू नका, वर काही मिळवू नका, ते आम्ही बघू. एवढी सोपी गोष्ट. पण ही सूचना लिहिणाऱ्याने रत्नागिरीत ब्लाउज शिवून घेतलेला नसावा.

आमचे टेलरकाका माझ्या लग्नापासून माझे ब्लाउज शिवतात. ते माप घेतात आणि त्यात माया धरतात. माया म्हणजे शिवणीच्या आत मुडपून ठेवलेलं जादा कापड, बाई पुढेमागे सुटली तर उसवून वाढवायला. बाई सुटणार, यावर काकांची श्रद्धा आहे, आणि आजवर एकीनेही ती मोडलेली नाही. तेव्हा मी दुकानात पाऊल टाकतानाच बजावलं.

"काका, नुसतं माप हवंय. अंगाबरोबर. एक बोटही सैल नको."

"शिवायचं कुठे आहे?"

"परदेशात."

काकांच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला. "आम्ही काय मेलो होतो, वहिनी?"

"तसं नाही हो. विमानातून उडी मारायचा पट्टा आहे."

"असूं दे," काका म्हणाले, जणू मी मोठा अपराध लपवायला लहान सबब दिली होती. "बाही किती ठेवायची?"

"बाही नसते याला."

"स्लीव्हलेस?" त्यांनी टेप खाली ठेवली. "घरी सासूबाईंना माहीत आहे?"

शेवटी माप घेतलं त्यांनी. आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलून आले आणि दुसऱ्यांदा घेतलं. मी मनात म्हटलं, काय हा काटेकोरपणा!

घरी आल्यावर यजमानांना ते पटणार नव्हतंच. त्यांनी लोखंडी टेप काढली आणि आपली मापं घेतली. खांद्यापासून जांघेपर्यंतचं त्यांचं माप काकांच्या मापापेक्षा चांगलं वीतभर कमी आलं. कमरेचंही कमी आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. कमरेचा आकडा वाचताना ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि संसार टिकवणारा एक आकडा मोठ्याने सांगितला.

आता खरं कुणाचं? प्रशिक्षकाने परत येताना मला एक जुना, पॅराशूट काढून घेतलेला पण मुठी शाबूत असलेला हार्नेस दिला होता, लटकून सराव करायला. शिकाऊ लोकांचा तो, पट्टे सरकवून लहानमोठा होणारा. यजमान म्हणाले, दोन्ही मापांना लावून तुला टांगून बघू. हे वाक्य त्यांनी किती वर्षं मनात धरून ठेवलं होतं कोण जाणे, फार सहज आलं. टांगायला त्यांची पहिली पसंती विहीर होती, कारण पंप काढायची चेनपुली तिथल्या गर्डरला आयती लावलेली होती. ती मी घटस्फोटाची धमकी देऊन रद्द केली. मग पुली सोडवून शेडमध्ये आणली आणि छताच्या लोखंडी कैचीला लावली.

सासूबाई आपल्या कुळीथ निवडत बसायला शेडमध्ये आल्या. घरात उजेड कमी आहे म्हणाल्या. घरात उजेड भरपूर असतो.

आधी काकांचं माप लावलं. यजमानांनी साखळी ओढली, पाय जमिनीवरून सुटले, आणि मी पट्ट्यांतून अशी खाली घसरले की छातीवरचा पट्टा हनुवटीशी आला. खांद्यांचे पट्टे कानांना लागले. मांड्यांखालचे कुठे लागले ते लिहीत नाही. यजमान लांब उभे राहून जहाजावरच्या आपत्कालीन कवायतीच्या आवाजात गरजले, "पॅराशूट बिघडलं! सोड!"

डोळे मिटून हात मारला. बरगडी.

"सोड!"

पुन्हा बरगडी. पट्टे होते, माझा कुडता होता.

"अगं, वर आहे, वर!"

"दिसतंय मला आता! वर आभाळात तुम्ही येणार आहात सांगायला?"

तिसऱ्यांदा हात चाचपडत काखेशी गेला तोवर यजमानांनी मनात काय मोजलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांचा गरजायचा उत्साह गेला होता. सुपातली चाळवाचाळवही थांबली.

"काय शोधत्येस गो तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"लाल मूठ. ती ओढली की बिघडलेलं सुटतं."

"आणि नाही सापडली तर?"

मी यजमानांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांनी मला मीठ विरघळण्याचीही कारणं समजावून दिली, ते पुलीची साखळी न्याहाळत होते. शेवटी मीच म्हटलं, "तर राखीव उघडायला उशीर होतो."

"उशीर म्हणजे?"

"म्हणजे... उशीर, आई."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी अजून लोंबकळतेच आहे, हळूहळू फिरते आहे, त्यामुळे त्यांचा चेहरा मला मधूनमधून दिसत होता. एकदा दिसला तेव्हा त्या सुपाकडे बघत होत्या. पुढच्या फेरीला माझ्याकडे.

"मी सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"टेलरला. फोन आला त्याचा, सूनबाईंना घट्ट हवंय म्हणतात, करू का? मी म्हटलं, सैल धर चांगलं. चारचौघांत आवळून बांधलेलं बरं दिसत नाही. आणि दिवाळीनंतर तू फुगतेस."

यजमानांनी हसू गिळलं. मला हवेतून लाथ मारायची होती, पण अंतर पुरेना.

"उतरव रे तिला," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याला बोलाव इकडे. टेप घेऊन ये म्हणावं."

काका स्कूटरवरून आले. सासूबाईंनी त्यांना जमिनीवरून आभाळ दाखवावं तसं शेडचं छत दाखवलं आणि म्हणाल्या, "ही तिथून पडणार आहे. आता हिच्यात काही धरू नकोस. जेवढी आहे तेवढीच घे."

काकांनी माप घेतलं, आणि टेपचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. खांदा, जांघ, छाती, मांडी. खांद्यापासून जांघेपर्यंतचं यजमानांच्या मापाशी बरोबर जुळलं. ते विजयी मुद्रेने टेकतात न टेकतात तोच कमरेची पाळी आली. सासूबाईंनी आकडा वाचला, मग लेकाने लिहिलेला वाचला.

"हे रे काय?"

"आई, ते जरा—"

"बायकोला खूश करायचं तर गजरा आण. तिला खाली पडू देऊ नकोस."

माझ्या कमरेचं खरं माप त्या संध्याकाळी टेलरसमोर, यजमानांसमोर आणि शेडच्या दारात कोकमं मागायला आलेल्या शेजारणीसमोर मोठ्याने उच्चारलं गेलं. विज्ञानासाठी माणसांनी याहून मोठे त्याग केले असतील, पण मला एकही आठवेना.

नव्या मापांना पट्टे लावून मला पुन्हा वर घेतलं. या वेळी मी पट्ट्यांत बसले, घसरले नाही. "सोड!" असं ओरडायला यजमानांनी तोंड उघडलं, पण आवाज सासूबाईंचा आला. हात गेला तो थेट मुठीवर.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

पुन्हा मुठीवर.

हार्नेस शिवून यायला बरेच महिने लागतात. ते महिने मी कसे काढले ते विचारू नका. सासूबाईंना सरावाचं महत्त्व पटलं होतं. मी चहा गाळत असले, की मागून "सोड!" मासे घासाघीस करून घेत असले, की ओटीवरून "सोड!" आणि मी उजवा हात बरगडीवर आपटायचा. कोळीण मला विचारत होती, वहिनी, छातीत काही दुखतं का तुमच्या?

पार्सल आलं. मोरपंखी, पाठीवर ऐसपैस, फोटोतल्या त्या मुलीला दोनदा गुंडाळता येईल असं, आणि मला हातमोज्यासारखं बसणारं. शेडमध्ये टांगून घेतलं, ते बघून सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या. रंगाबद्दल नाराजी होती, मोरपंखी त्यांना जरा गडद वाटला.

हरियाणात पहिली उडी मारली ती थंडीतल्या स्वच्छ सकाळी. पॅराशूट उघडलं, झटका बसला, आणि मी जिथल्या तिथे राहिले. वर बघितलं, चौकोनी, सरळ, शहाण्यासारखं. काही सोडायचं नव्हतं. तरी डोळे मिटून हात एकदा नेऊन बघितला. मूठ होती. खाली मोहरीची शेतं पिवळीधमक पसरली होती आणि वर मी एकटीच हसत होते, जे खालून कुणाला दिसत नाही हा या खेळाचा मोठा फायदा.

उतरल्यावर घरी फोन लावला. यजमानांऐवजी सासूबाईंनीच उचलला. सुखरूप आहेस का, जेवलीस का, थंडी आहे का, यातलं काहीही नाही.

"हात पोचला?"

"पोचला, आई. पण मूठ ओढावी लागली नाही, पहिलंच नीट उघडलं."

"ते मी विचारलं नाही. पोचला ना?"

"हो. लगेच."

मग त्या म्हणाल्या, "बरं, ठेव आता. शेजारीण आल्येय," आणि फोन बंद न करताच बाजूला ठेवला. त्यामुळे पुढचंही मला ऐकू आलं. सूनबाई कुठे गेल्यात, असं शेजारीण विचारत होती.

"दिल्लीकडे," सासूबाई शांतपणे सांगत होत्या. "डबाबंद रसाचं काहीतरी ट्रेनिंग असतं तिचं."