खात्रीची बशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस सगळ्या बेर्शेब्यात नसेल, आणि बेर्शेब्यात संशयी माणसांची काही कमी नाही. पण बाकीचे लोक माणसांवर संशय घेतात, काका वस्तूंवर घ्यायचे. तराजूवर, घड्याळावर, थर्मामीटरवर, स्वतःच्या डोळ्यांवर तर सगळ्यात जास्त. नात्याचे नव्हेत ते आमचे, मुंबईहून आलेले, आमची माणसं पेणची, दोन्हीकडे मराठी यहुदी, पण यहुद्यांच्या या देशात एका जिन्यात दोन मराठी घरं असली की तेच नातं. बाजारात निघाले की खिशात मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा असायचा. बटाटेवाल्याने बटाटे तराजूत टाकायच्या आधी काका म्हणायचे, "आधी हे तोल." तो बिचारा मोरोक्कोचा, डोक्याला हात लावायचा, पण तोलायचा. मग बटाटे. मग परत मीठ. मागं रांग ओरडते आहे, बायका हिब्रूत शिव्या देतायत, आणि काका शांतपणे म्हणतायत, "मधल्या मधे काटा हलला असला तर?" काकींना ताप आला तर आधी स्वतःला थर्मामीटर, मग काकींना, मग परत स्वतःला. काकी म्हणायच्या, "अगं, यांची मोजणी होईपर्यंत माझा ताप उतरतो, हेच यांचं औषध!"

ही सवय त्यांना नोकरीतून लागली का सवयीमुळे ती नोकरी मिळाली, ते मला माहीत नाही. दक्षिणेला वाळवंटातल्या डोंगरावर मोठी दुर्बीण आहे, तिथं ते वायरमन म्हणून लागले आणि मग ताऱ्यांचा उजेड मोजायचं यंत्र सांभाळायला लागले. मी पेणला चौथीपर्यंत शिकलेली, इथं आल्यावर परत पहिलीत बसवलं, मला तारे काय कळणार, पण काकांनी एकदा माझ्या ओट्याशी उभं राहून समजावलं ते मात्र डोक्यात बसलं. यंत्रापुढं रंगीत काचा ठेवायच्या, निळी ठेवली की किती उजेड येतो, पिवळी ठेवली की किती येतो, त्यावरून ताऱ्याचा रंग कळतो. "पण पोरी," ते म्हणाले, "मधे आभाळ आहे ना! आभाळ रोज थोडा उजेड खातं. निळा जास्त खातं. आज किती खाल्लं ते काय ते कबूल करणार आहे? म्हणून काही खात्रीचे तारे ठरवून ठेवलेत. त्यांचा उजेड किती, रंग कसा, सगळं जगाला माहीत आहे. आधी खात्रीचा तारा मोजायचा, मग आपला, मग परत खात्रीचा. खात्रीचा तारा पिवळट दिसला तर समजायचं, तो बदललेला नाही, आज आभाळात धूळ आहे."

घरी त्यांचा खात्रीचा तारा म्हणजे एक बशी होती. पांढरीशुभ्र, नक्षी नाही, सोनेरी काठ नाही. चहा ते त्याच बशीत ओतायचे, रंग बघायचे, मान हलवायचे, मगच प्यायचे. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. मुलीच्या लग्नाची साडी त्यांनी बशीशेजारी धरून पास केली होती. काकी म्हणायच्या, "माझ्या रुखवतात सहा बशा होत्या. पाच फुटल्या आणि सहावीशी यांनी दुसरं लग्न लावलं!" मीही हसायचे. आमचे हे तर त्यांची नक्कल करून दाखवायचे, मिठाच्या पुड्यासकट.

मग मला मुलगा झाला आणि हसणं बंद झालं, कारण तो तिसऱ्याच दिवशी पिवळा पडला. हॉस्पिटलात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवला, डोळ्यांवर पट्टी, एवढंसं पोर, आणि मी काचेबाहेर. माझ्या आईचं पेणला एक मूल असंच पिवळं होऊन गेलेलं, माझ्या आधीचं. आई काचेला हात लावून उभी राहिली, तेव्हा मला कळलं ती काय आठवतेय. पोर पिवळं असलं की सुंता करत नाहीत, आठव्या दिवशीची सुंता पुढं गेली. यांना मिलुईमला बोलावलेलं, राखीव सैनिक ना, ते सीमेवर. शेवटी डॉक्टर म्हणाले उतरलं, घरी न्या, परत पिवळा दिसला तर तासभरसुद्धा थांबू नका. सुंता करणाऱ्या मोहेलनी दिवस दिला, यांना एका दिवसाची रजा मिळाली, आई मलिद्याचे, म्हणजे आमच्या शुभकार्यातल्या प्रसादाचे, पोहे आणायला लोदला मामाकडे गेली, आणि सुंतेच्या आदल्या दिवशी खमसीन सुटला.

खमसीन ज्याने बघितला नाही त्याला काय सांगू, वाळवंटच उठून गावात येतं. खिडक्या लावल्या तरी दातांत कचकच. सकाळी दहाच्या सुमाराला मी बाळाचं लंगोट बदलायला घेतलं आणि बघते तर पोर पिवळं. नाक पिवळं, छाती पिवळी, डोळे उघडले तर डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळा. घरात मी एकटी. तशीच अनवाणी, बाळ छातीशी, जिना चढून वर, दारावर लाथा मारल्या, हात मोकळा नव्हता. धुळीत दुर्बीण बंद म्हणून काका घरी होते, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात.

"काका, पिवळा झाला! परत पिवळा झाला!"

"थांब," काका म्हणाले. "आधी बशी."

देवाशपथ, मी त्यांना त्या दिवशी मारलं असतं. मी ओरडले, "माझं पोर चाललंय आणि तुम्ही चहाची बशी काय घेऊन बसलाय!" काकीसुद्धा ओरडल्या, "अहो, लाज वाटू द्या!" पण काका ऐकतात का! बशी पुसली, दोनदा पुसली, खिडकीजवळ नेली, बघितली. मग म्हणाले, "आण त्याला इथं. त्याच खिडकीत, त्याच उजेडात." बशी बाळाच्या गालाला टेकवली. गार लागली असेल, त्याने डोळे टक्क उघडले. काका वाकले, बघितलं, बशी काढली, परत बशी बघितली, परत टेकवली.

"आता तू बघ," ते म्हणाले. "मला विचारू नकोस. बशी कशी दिसते?"

मी बघितलं. बशी पिवळी होती. काकींच्या रुखवतातली पांढरीशुभ्र बशी, केळ्याच्या सालीसारखी पिवळी.

"आणि डोळ्यांतला पांढरा?"

"तेवढाच."

"बशीला कावीळ झालीय का?"

मी खालीच बसले. काकी पाणी घेऊन आल्या आणि बाळाऐवजी मला पाजलं. मला वाटलं झालं, सुटले, पण काका कोट चढवत होते. "चल दवाखान्यात."

"आता कशाला? तुम्हीच म्हणालात ना!"

"एका मापावर मी ताऱ्याला सोडत नाही, पोराला सोडेन का?"

तर अशी वरात निघाली त्या पिवळ्या आंधीतून, ओल्या टॉवेलात बाळ, पायजम्यावर कोट घातलेले काका, पुढं कोटाच्या आत बशी. दवाखान्यात नर्सने बाळाला ट्यूबलाइटखाली धरला, नाक दाबून बघितलं, टाचेतून रक्त घेतलं. तासाभराने हसत आली, "हकोल बेसेदर, मोतेक," सगळं ठीक आहे गं राणी, आधीपेक्षाही उतरलंय. मी रडायला लागले. आणि काका त्या नर्सला मोडक्या हिब्रूत विचारतायत, "मशीनमध्ये आज याच्या आधी कुणाचं रक्त घातलं? माहीत असलेलं?" नर्स भडकली. तेवढ्यात आतून प्रयोगशाळेतली मुलगी बाहेर आली, म्हणाली, हो ना, रोज सकाळी आधी एक ठरलेली बाटली लावतो, तिचा आकडा माहीत असतो, तो बरोबर आला की मगच लोकांची रक्तं. काका तिच्याकडे बघतच राहिले. मग मराठीतच म्हणाले, "शाबास, पोरी," आणि परत येताना सगळी वाट कोटावरून बशी थोपटत आले. एवढे खूश मी त्यांना मुलीच्या लग्नातही बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं. हे पहाटेच्या बसने धुळीने माखून आले. मोहेलनी बाळाला खिडकीत धरून रंग बघायला घेतला, आणि मागून एक हात पुढं आला, बशी घेऊन. मोहेल म्हणाले, "हे काय?" आमच्या यांनी सांगितलं, "तुम्ही बघा हो, नाहीतर सुंता उद्यावर जाईल!" सगळं घर हसलं. मलिद्याच्या वेळी आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हानबीचं, नाव घेतलं आणि पहिला घास मी काकांना दिला. बशीतच दिला.

आता पोरगा पाच वर्षांचा झाला. काका रिटायर झाले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या सणाला पोराला मांडीवर घेऊन त्यांनी बशी त्याच्या गालाशी धरली. बराच वेळ बघितलं. "पोरी, हा मला पिवळा दिसतो," म्हणाले. मग हसले. "घाबरू नकोस. बशी पण तेवढीच पिवळी दिसते." पोराला विचारलं, "कसली आहे रे?" तो खेळता खेळता म्हणाला, "लवान." पांढरी. त्यांनी परत विचारलं, त्याने परत सांगितलं, "लवान, सबा, लवान!" काकांना तो सबा म्हणतो, आजोबा. तेव्हा कुठं त्यांनी बशी खाली ठेवली. निघताना ती माझ्याच ओट्यावर राहिली. मी द्यायला धावले तर जिन्यातून म्हणाले, "असू दे. ज्याला दिसतं त्याने ठेवावी."

महिन्याभराने काका-काकी मुलीकडे अश्केलोनला राहायला गेले. परवा पोराचं अंग तापलं. थर्मामीटर काढला आणि हात आपोआप माझ्याच काखेत गेला. सदतीसला थोडा कमी. मग पोराला, अडतीस. मग परत मला, तेवढाच. औषध पाजून त्याला मांडीवर घेतला आणि बसले. वरच्या घरात आता नवे लोक आहेत, रशियाचे, फार हळू चालतात. तरी मी काकांच्या पावलांना कान लावून बसले होते.