पाठीतलं इंजेक्शन

गर्भपिशवी काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात धसका बसला तो भुलीसाठी पाठीत देतात त्या इंजेक्शनचा. आमच्या गुंजवण्यातल्या एका बाईचं सिझर झालं आणि तेव्हापासून तिची कंबर दुखायची. गावात ती गोष्ट वाढत वाढत 'इंजेक्शननं तिचं पाय गेलं' इथवर पोचली होती. ती बाई पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून जायची, तरी मला ते खरंच वाटायचं.

भात झोडून झालं आणि मी भोरच्या दवाखान्यात दाखल झाले. ऑपरेशनच्या सकाळी एक सिस्टर घाईघाईनं आली. "मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं काढून ठेवा," एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "समदंच काढायला लावत्यात व्हय?" त्या पुटपुटल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मालक बाहेर बाकावर बसले होते. उठून त्यांना एकदा बघून यावं असं वाटलं.

बांगड्या काही निघेनात. तेवढ्यात दुसरी सिस्टर बीपी बघायला आली. वयानं माझ्याएवढीच असेल.

"बीपी वाढलंय. ताई, कशाची भीती वाटतेय?"

"कशाची न्हाई."

ती गेली नाही. साबणाचं पाणी आणून तिनं माझा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी सोडवू लागली. आत जे मशीन वापरतात, त्यानं अंगावरचा धातू तापून चटका बसू शकतो, हातही सुजतात, म्हणून काढायचं, असं तिनं सासूबाईंनाही ऐकू जाईल असं सांगितलं. सासूबाईंनी पदर खाली घेतला.

मग मी विचारलं, "माझं पाय जातील का?"

ती हसली नाही. "थोडा वेळ पाय आहेत असं वाटणारच नाही. लाकडासारखे पडून राहतील. औषध उतरलं की आधी बोटं हलतात, मग बाकीचं."

"आणि मी जागी असताना कापणार?"

"मधे पडदा असतो. ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. दुखलंच तर बोलायचं. भूल देणारे डॉक्टर तुमच्या डोक्याशीच असतात."

"म्हंजे काय व्हनार न्हाई ना मला?"

"असा शब्द मी देऊ शकत नाही, ताई. आत काय काय होतं, ते मात्र सगळं सांगते."

त्या उत्तरानं भीती कमी झाली नाही, उलट वाढलीच. पण ही बाई आपल्याशी खोटं बोलत नाही, एवढं कळलं.

आत फार गार होतं. मला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. सुई टोचली, पाय गरम झाले, जड झाले आणि मग नाहीसेच झाले. मी पायांना हलायला सांगत होते आणि तिकडे कुणीच नव्हतं. ओरडावंसं वाटलं.

"साहेब, पाय न्हाईत," मी म्हणाले.

"औषध लागलंय. बरोबर आहे," डोक्याशी बसलेले डॉक्टर म्हणाले.

पोटात ओढू लागलं. डोळे गच्च मिटून मी मनातल्या मनात 'ओढतंय, दुखत न्हाई' एवढंच म्हणत राहिले. किती वेळ, कोण जाणे.

वॉर्डात आणल्यावर बघते तर सासूबाई माझे पाय चेपत होत्या आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरले. नुसती चादरीकडे बघत राहिले. दुपार कलल्यावर डाव्या पायाचं बोट हललं.

"हललं की गं," सासूबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ती सिस्टर तोवर ड्युटी संपवून गेली होती. जखम वेळेवर भरली, मी पुन्हा शेतात जाऊ लागले. तरी कितीतरी दिवस पहाटे जाग आली की मी आधी पाय हलवून बघायची आणि मगच उठायची.