अर्ध्यावर थांबलेली कॅसेट

दर रविवारी दुपारी बाळाराम आपल्या चार कॅसेटी अंगणातल्या खाटेवर ओळीत मांडायचा आणि त्यांचे नंबर ठरवायचा. करावे गावात घरोघरी भजनं नाहीतर कोळीगीतं वाजायची, ह्याच्या घरी लोखंड किंचाळायचं. इंग्रजी हेवी मेटल. नावं वाचता येत नसल्यामुळे वेष्टनावरची चित्रं बघून त्याने बारशी केली होती: कवटीवाली, घोड्यांची, जळक्या देवळाची, लाल पंजाची. "कवटीवाली आज चारवर. लय गोड वाटाया लागली," असा निकाल लागायचा. का, म्हणून विचारलं की सांगायचा, "गाना आईकताना पान्यातल्या होरीचा बूड हादरला पायजे. नायतर झोपाया अंगाई हाय की."

तुर्भ्याच्या कारखान्यात तो पत्रा कापायचा प्रेस चालवायचा, मी तिथेच कारकून. आमच्या अख्ख्या घराण्यात मी पहिला बी.ए. आणि तेव्हा हे मी कुणी न विचारताही सांगत असे. बाळारामने माझं नावच 'बीए' करून टाकलं. "ए बीए, तुजा कागद बोलतं, माजा मशीन बोलतं. खोटा कोन बोलतं, त्ये बग." आणि मोठ्याने हसायचा.

कॅसेटी आणायचा त्याचा थोरला भाऊ काशिनाथ. परदेशी बोटीवर खलाशी होता. घरात हे दोघे भाऊ आणि काशिनाथची बायको हिरावहिनी. बाळाराम बिनलग्नाचा. ऐंशीच्या सुमारास एकदा बोटवाल्यांचं इंग्रजी पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं: काशिनाथ समुद्रात बेपत्ता, शोध थांबवला आहे. मागोमाग त्याची ट्रंक आली. ट्रंकेत टेपरेकॉर्डर आणि टेपरेकॉर्डरमध्ये पाचवी कॅसेट. वेष्टन नाही, चित्र नाही, अर्ध्यावर थांबलेली.

गावच्या जाणत्यांनी ठरवलं, सोमवारी काशिनाथचे दिवस करायचे, वहिनीच्या बांगड्या उतरवायच्या. आदल्या दुपारी बाळारामने मला खाटेवर बसवलं. "दादा यवराच आईकून थांबला." त्याने उरलेल्या फितीवर बोट ठेवलं. "फुरं काय बोलतं, तू सांग."

त्याने बटण दाबलं. ढोल, तारा आणि जिवाच्या आकांताने ओरडणारा एक माणूस. मला एक शब्द कळला नाही. कॉलेजात मी इंग्रजी पुस्तकं पाठ केली होती, इंग्रजी बोलणारा माणूस काही ऐकला नव्हता. पण दारात वहिनी उभी होती, एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून.

"इतका शिकलास नं?" बाळाराम म्हणाला.

मी म्हणालो, "तो सांगतोय, पाणी मला ठेवणार नाही. मी येतोय. दार लावू नका."

बाळारामने टेप बंद केला. मग त्याने ती कॅसेट उचलून ओळीच्या सुरुवातीला ठेवली. "एक नंबर."

सोमवारी काही झालं नाही. जाणते चिडले. "बोटवाल्यांचा कागद खरा का टेपमधला गोरा?" बाळाराम म्हणाला, "कागद बीएनीच वाचला, गाना बी बीएनीच आईकला. एक खरा, मंग दुसरा खोटा कसा?" त्यावर जाणते चपला घालून निघाले. उत्तर माझ्याजवळ होतं. मी चहा पीत राहिलो.

पुढे चार कॅसेटी वरखाली होत राहिल्या, पहिला नंबर हलला नाही. ती कॅसेट तो सुरुवातीपासून कधीच ऐकत नसे. ऐकून झाली की पेन्सिल घालून फीत बरोबर त्या जागेपर्यंत मागे फिरवायचा. "फैला अर्धा दादाचा. फुरचा आपला." घराचं दार तेव्हापासून कायम उघडं. खाडीचं वारं यायचं, कुत्री यायची. एकदा चोर येऊन तांब्या घेऊन गेला. "दादा नवता त्यो," एवढंच बाळाराम म्हणाला.

काही वर्षांनी वाशीला एका सहकाऱ्याच्या घरी रेकॉर्डवर तेच गाणं लागलं. मी रेकॉर्डचं वेष्टन उचललं. वेष्टनात शब्द छापलेले होते. डिक्शनरी मागून घेऊन मी ते दोनदा वाचले. खंदकातला एक शिपाई आपल्या साहेबाला शिव्या घालत होता. त्यात पाणी नव्हतं, दार नव्हतं, कुणी कुठून परत येत नव्हतं.

शब्द उतरवून घेतलेला तो कागद मी खिशात घेऊन हिंडलो. कारखान्यात रोज बाळाराम समोर यायचा, "काय बीए!" म्हणायचा आणि कागद खिशातच राहायचा. मग काविळीने पंधरा दिवसांत तोच गेला.

तेराव्याला ठरवूनच करावे गाठलं. वहिनीला तरी खरं सांगायचं. ती पुढे आली. केस पिकलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने टेप माझ्यासमोर ठेवला. "भावोजी, बालाराम जाताना बोलला, बीए आला का त्याच्या तोंडून येकदा आईक. सांगा, काय बोलतं त्यो?"

तिने बटण दाबलं. तो शिपाई ओरडायला लागला. माझा हात खिशातल्या कागदावर होता.

"पाणी मला ठेवणार नाही," मी म्हणालो. "मी येतोय. दार लावू नका."

तिने मान हलवली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि पंगतीची पानं मांडायला गेली.

निघताना सवयीने मी दार ओढून घेतलं. चार पावलं गेलो असेन, मागे कडी वाजली. वळून पाहिलं, तर वहिनी दार पुन्हा सताड उघडून, वाऱ्याने मिटू नये म्हणून फळीला दगड लावत होती.