गुण्याखालचा उजेड

वैशालीने घासलेल्या लोखंडी तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून तो खिडकीकडे धरला. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. काटकोन चुकला होता. आमच्या आयटीआयच्या फिटर वर्गात उजेड दिसला की काम नापास.

"मॅडम, शेजारच्या बॅचच्या गुण्याने हाच तुकडा पास होतो," ती कुरकुरली.

होणारच. तो गुण्या मागे फरशीवर आपटलाय. आपटलेला गुण्या दिसतो पूर्वीसारखाच, फक्त खरं सांगत नाही.

प्राचार्य म्हणतात, "दोन्ही बॅचचे निकाल सारखे दिसायला हवेत. तुमच्या बॅचचे थोडे मार्क वाढवा."

नाही वाढवणार! आकडे जुळवायचेत ना? मग आधी तो गुण्या भंगारात टाका आणि दोन्ही बॅच एकाच गुण्याने तपासा. येऊ दे निकाल खाली.

वैशालीने माझ्याकडे रागाने पाहिलं, तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये आवळला आणि कानस उचलली.